खेळाडू आणि सूर्याचे अदृश्य किरण

दूरचित्रवाणीवर क्रिकेटचा सामना चालू असला म्हणजे पुष्कळ घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. ऑस्ट्रेलियाच्या एखाद्या गोलंदाजाच्या नाकावर आणि ओठांवर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढलेला कां असतो? मुलांना ती लढाईची रंगरंगोटी वाटते. वडील मंडळींना ती नटण्याची एक तऱ्हा वाटते. वस्तुतः तो जस्ताच्या ऑक्साइडचा लेप असतो आणि उन्हापासून त्वचेचें रक्षण व्हावें एवढाच त्याचा हेतु असतो. या उत्तरानें मात्र दुसरा प्रश्न उभा राहतो. वैशाखांत नागपूरच्या मैदानावर सराव करणारा मुलगा ज्या उन्हांत होरपळतो, त्यापुढें मेलबर्नचें ऊन तें काय? मग उन्हाची एवढी धास्ती मेलबर्नच्या खेळाडूनेंच कां घ्यावी?

या प्रश्नाचें उत्तर असें कीं, त्या खेळाडूला ज्याची धास्ती वाटते तें उन्हाचें तापणें नव्हे. सूर्यप्रकाशाबरोबर डोळ्यांना न दिसणारे आणि अंगाला न जाणवणारे असे दुसरे कांहीं किरण येत असतात. त्वचेच्या कर्करोगाचें मुख्य कारण तेच होत. ऊन फार तापलें म्हणजे मनुष्य आपण होऊन सावलीला जातो. या किरणांची गोष्ट अगदीं निराळी आहे. ते सूचना देत नाहींत. दिलीच तर काम उरकल्यावर देतात. उघड्यावर तासन् तास घालविणाऱ्या खेळाडूला त्यांचा उपद्रव विशेष होतो तो याच कारणानें.

रिची बेनॉ यांचें नांव क्रिकेटप्रेमी घरांत अपरिचित नाहीं. १९५६ मध्यें ते ऑस्ट्रेलियन संघाबरोबर भारतांत आले आणि मद्रास व कलकत्ता येथें त्यांच्या फिरकीनें भारतीय फलंदाजांची दाणादाण उडविली. पुढें १९५९-६० सालीं ते कर्णधार म्हणून पुन्हां आले आणि ती मालिका त्यांच्या संघानें दोन सामन्यांविरुद्ध एक अशी जिंकली. निवृत्तीनंतर समालोचक म्हणून त्यांचा आवाज जगभर पोंचला. २०१४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, त्यांनीं जाहीर केलें कीं, आपल्या कपाळावर व डोक्यावर त्वचेचा कर्करोग झाला असून त्यावर उपचार चालू आहेत. लहानपणीं आपण कधींच टोपी घातली नाहीं. कीथ मिलर हा आपला आदर्श, तो उघड्या डोक्यानें खेळे, म्हणून आपणहि तसेच खेळलों. आतां वाटतें कीं टोपी घालावयास हवी होती, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं त्या वेळीं काढले. १० एप्रिल २०१५ रोजीं त्यांचें निधन झालें. तरुणपणच्या उन्हाचा हिशेब चुकता व्हावयास अर्धें शतकाहून अधिक काळ लागला. हा लांबचा पल्लाच या रोगाचें लक्षण आहे आणि त्यामुळेंच तरुण खेळाडूला त्याची भीति वाटत नाहीं.

या किरणांचा शोध कसा लागला ती हकीकत लहानशी पण बोधप्रद आहे. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा सर्वांत अधिक चढला. दुसऱ्याच वर्षीं, १८०१ मध्यें, योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोंकाकडे लक्ष वळविलें. प्रकाशानें काळें पडणारें सिल्व्हर क्लोराइड त्यानें जांभळ्या रंगाच्या पलीकडे ठेवलें, तों तें जांभळ्या प्रकाशांत ठेवलेल्यापेक्षांहि लवकर काळें पडलें. अंगाला भाजणारी ऊब मुख्यतः दृश्य प्रकाशाची आणि हर्शेलच्या तांबड्यापलीकडील किरणांची; त्वचेच्या पेशींना इजा करणारी शक्ति मुख्यतः रिटरच्या जांभळ्यापलीकडील किरणांची. या दुसऱ्या किरणांना मराठींत अतिनील किंवा जंबुपार किरण म्हणतात. ऊब आणि इजा हीं दोन्हीं एकाच सूर्यापासून येतात, परंतु तीं एकच नव्हेत. ऊन सोसत आहे म्हणजे तें निरुपद्रवी आहे, ही समजूत या दोहोंची गल्लत केल्यामुळें होते.

मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अतिनील किरणांची लांबी १०० पासून ४०० नॅनोमीटरपर्यंत असते आणि तिच्यावरून त्यांचे ‘अ’, ‘ब’ व ‘क’ असे तीन गट पाडतात. सर्वांत आंखूड व सर्वांत घातक असा ‘क’ गट वातावरणांतील ओझोन व प्राणवायु यांत पुरता शोषला जातो. ‘ब’ गटाचाहि बहुतेक भाग ओझोन अडवितो. जो थोडा खालीं येतो तोच त्वचेला लालबुंद करतो. ‘अ’ गट मात्र फारसा अडविला जात नाहीं. जमिनीवर पोंचणाऱ्या अतिनील किरणांपैकीं सुमारें ९५ टक्के याच गटाचे असतात आणि ते त्वचेंत अधिक खोल शिरतात. सूर्य डोक्यावर असला म्हणजे किरणांना वातावरणाचा थर कमी ओलांडावा लागतो, म्हणून माध्यान्हींच्या सुमारास त्यांचा जोर सर्वांत अधिक. सकाळचें कोंवळें ऊन आणि दुपारचें ऊन यांच्या तापांत जेवढें अंतर भासतें, त्याहून किती तरी मोठें अंतर त्यांतील ‘ब’ किरणांत असतें.

हवेच्या गारव्यावर विसंबून चालत नाहीं तें याचमुळें. समुद्रसपाटीपासून एक हजार मीटर वर गेलें कीं या किरणांचा जोर सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतो. म्हणजे महाबळेश्वरच्या थंड वाऱ्यांत धांवणाऱ्या खेळाडूला मुंबईच्या घामट हवेंत धांवणाऱ्यापेक्षां, एकाच ऋतूंत आणि सारख्याच निरभ्र आकाशाखालीं, अधिक किरण लागतात. पातळ ढगांतून तर ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण आरपार येऊं शकतात. ताजें बर्फ त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेंकतें, समुद्राचा फेंस सुमारें पंचवीस टक्के आणि कोरडी वाळू सुमारें पंधरा टक्के. पाण्यांत अर्धा मीटर खोल गेल्यावरहि पृष्ठभागाच्या मानानें चाळीस टक्के किरण शिल्लक असतात. बर्फावर घसरणारा, शीड सांभाळणारा, वाळूंत चेंडू मारणारा, किंवा तलावांत पोहणारा, यांना गारवा लाभतो. आसरा लाभत नाहीं.

आतां हे किरण त्वचेंत नेमकें काय करतात तें पाहण्यासारखें आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत आनुवंशिक गुणांची जणू लेखी आज्ञापत्रिकाच असते; तिला डी. एन. ए. म्हणतात. ही आज्ञा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. ‘ब’ किरणांची शक्ति या रेणूंत शोषली गेली म्हणजे शेजारशेजारचीं दोन अक्षरें एकमेकांस चिकटतात आणि तेवढा मजकूर वाचण्याजोगा राहत नाहीं. अशा चुका भर उन्हांत एकेका पेशींत पुष्कळ होतात. सुदैवानें त्या हुडकून काढणारी आणि बिघडलेला तुकडा कापून त्या जागीं नवा बसविणारी दुरुस्तीची व्यवस्था पेशींतच असते. डी. एन. ए. च्या दुरुस्तीचे निरनिराळे मार्ग उलगडून दाखविल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि सांजार या तिघांना २०१५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ही व्यवस्था नसती तर काय झालें असतें, याचें दुःखद उदाहरण म्हणजे झिरोडर्मा पिगमेंटोझम हा जन्मजात विकार. या मुलांच्या पेशींना ही दुरुस्ती साधत नाहीं, हें जेम्स क्लीव्हर यांनीं १९६८ मध्यें दाखविलें. अशा मुलांना ऊन लागूं दिल्यास दहा वर्षांच्या आंतच त्वचेचा कर्करोग होऊं शकतो.

निरोगी मनुष्याची दुरुस्तीहि सर्वस्वी निर्दोष नसते. हजारांतून एखादी चूक तशीच राहते आणि पेशी दुभंगली म्हणजे ती चूक पुढच्या पिढीकडे जाते. बिघडलेल्या पेशींची वाढ आवरून धरणारें पी-५३ नांवाचें एक जनुक आहे. त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींत हेंच जनुक बिघडलेलें असतें आणि त्या बिघाडाची धाटणी अतिनील किरणांनींच होणारी असते, असें १९९१ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांना आढळलें. जणू गुन्ह्याच्या जागीं सूर्याची सहीच सांपडली. त्वचा रापणें हें आरोग्याचें चिन्ह नसून, झालेल्या इजेला शरीरानें दिलेलें उत्तर आहे, ही गोष्टहि येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. शिवाय त्वचा लाल होऊं लागते ती कांहीं तासांनीं आणि आग पुरती जाणवते ती बहुधा दुसऱ्या दिवशीं. तोंवर सामना संपून गेलेला असतो.

ऊन आणि कर्करोग यांचा संबंध कोणा एकाच्या तर्कानें ठरलेला नाहीं. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनीं १८९४ मध्यें खलाशांच्या चेहऱ्यावरील व हातांवरील जाड, चिरलेल्या त्वचेचें आणि तींत उद्भवणाऱ्या कर्करोगाचें वर्णन केलें. १९२८ मध्यें फिंडले यांनीं उंदरांवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकून त्यांच्या त्वचेवर गांठी उत्पन्न झाल्याचें दाखविलें. गंमत अशी कीं, याच सुमारास युरोप-अमेरिकेंत सूर्यस्नानाची लाट आली होती. नील्स फिन्सेन यांनीं प्रकाशाच्या योगें त्वचेचा क्षय बरा केला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून सूर्य म्हणजे सर्व रोगांवर औषध अशी भावना बळावली आणि रापलेली कांति ही श्रीमंतीची व प्रकृतीची खूण बनली. पुढें अनेक देशांतून पुरावा गोळा होत गेला आणि १९९२ मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें सूर्याचे किरण मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. त्वचेच्या तळथरांतील पेशींचा पहिला; तो सर्वांत अधिक आढळतो, हळू वाढतो आणि क्वचितच इतरत्र पसरतो, परंतु दुर्लक्ष केल्यास नाक, कान, पापणी पोखरतो. वरच्या खवल्यांसारख्या पेशींचा दुसरा; तो कांहीं वेळां पसरतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा तिसरा, त्याला मेलॅनोमा म्हणतात; तो संख्येनें थोडा पण सर्वांत घातक. २०२० सालीं जगांत मेलॅनोमाचे सुमारें सव्वातीन लाख नवे रोगी आढळले आणि सुमारें ५७ हजार लोक त्यानें दगावले. यांपैकीं दुसरा प्रकार जन्मभरांत लागलेल्या एकूण उन्हाच्या मानानें वाढतो. उलट मेलॅनोमाचा संबंध अधूनमधून, विशेषतः लहानपणीं, त्वचा भाजून निघण्याशीं अधिक दिसतो. खेळाडूच्या वांट्याला हे दोन्ही प्रकार येतात. रोजच्या सरावानें बेरीज वाढत जाते. आणि लांबच्या स्पर्धेच्या दिवशीं त्वचा भाजून निघते.

खेळाडूच्या बाबतींत आणखी कांहीं कारणें भर घालतात. घामानें भिजलेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षां कमी उन्हांत लाल होते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. लावलेलें मलम घामानें व पाण्यानें वाहून जातें. खेळाचे कपडे आंखूड असतात. सामन्याची वेळ खेळाडूच्या हातीं नसते आणि क्षेत्ररक्षकाला तर सावली शोधण्याची सोयच नसते. हवाई बेटांतील आयर्नमॅन स्पर्धेंत पोहणें, सायकल आणि धांवणें सलग करावें लागतें. तेथें भाग घेतलेल्या तिघा खेळाडूंच्या अंगावर मापनाचीं साधनें लावून केलेली पाहणी २००१ मध्यें प्रसिद्ध झाली. त्वचा लाल होण्यास जेवढे किरण पुरतात त्याच्या सरासरीनें आठपटीहून अधिक किरण त्यांना एका दिवसांत लागले होते. पाण्यांत टिकणारें मलम लावूनहि ते भाजून निघाले. ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें २१० मॅरेथॉन धांवपटूंची तितक्याच इतर लोकांशीं तुलना करण्यांत आली आणि २००६ मध्यें तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धांवपटूंच्या अंगावर वेड्यावांकड्या तिळांचें आणि उन्हानें पडणाऱ्या डागांचें प्रमाण अधिक होतें. व्यायामानें हृदय बळकट होतें, शरीर काटक होतें. परंतु त्या बळकटीनें त्वचेचें रक्षण होत नाहीं.

या रोगाचें सर्वांत मोठें क्षेत्र ऑस्ट्रेलिया हेंच. त्याचीं कारणें उघड आहेत. पिढ्यान् पिढ्या उत्तर युरोपच्या मंद उन्हांत घडलेली गोरी त्वचा घेऊन लोक प्रखर सूर्याच्या देशांत गेले. शिवाय दक्षिण गोलार्धांत उन्हाळा असतो तेव्हांच, जानेवारीच्या आरंभीं, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. त्यांतच मोकळ्या हवेंतील खेळ म्हणजे तेथील लोकांचा जीव कीं प्राण. सत्तरीच्या आंत तिघांपैकीं दोघां ऑस्ट्रेलियनांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो असा तेथील हिशेब आहे.

म्हणून प्रतिकारहि तेथेंच मोठा झाला. १९८१ मध्यें व्हिक्टोरिया प्रांताच्या कर्करोगनिवारण संस्थेनें ‘सदरा चढवा, मलम चोपडा, टोपी घाला’ अशा अर्थाची, इंग्रजींत यमक साधणारी त्रिसूत्री घरोघरीं पोंचविली. एक चित्रांतला समुद्रपक्षी दूरचित्रवाणीवर नाचत गात ती शिकवी. शाळांतून ‘टोपी नाहीं तर खेळ नाहीं’ असा नियम आला. क्वीन्सलंडमधील नांबूर या गांवीं १९९२ पासून साडेचार वर्षें एक पद्धतशीर प्रयोग झाला. १६२१ प्रौढ माणसांपैकीं निम्म्यांना डोकें, मान, हात यांवर रोज मलम लावावयास दिलें. उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलें. रोज लावणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचा कर्करोग सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झाला. पुढें आणखी दहा वर्षें त्या लोकांवर नजर ठेवली, तेव्हां रोज लावणाऱ्यांत मेलॅनोमाचे ११ आणि इतरांत २२ रोगी निघाले. आज चाळिशीच्या आंतील ऑस्ट्रेलियनांत मेलॅनोमाचें प्रमाण पूर्वीपेक्षां घटलें आहे. मात्र लागलेली संवय जावयास वेळ लागतो. ज्या वर्षीं ती मोहीम सुरू झाली त्याच वर्षीं जन्मलेला, पुढें विश्वचषक जिंकणारा कर्णधार मायकेल क्लार्क याच्या चेहऱ्यावरून व छातीवरून अनेकदां असे कर्करोग काढावे लागले. वेळोवेळीं त्वचा तपासून घ्या असें तो २०२५ मध्येंहि लोकांना जाहीरपणें सांगत होता.

एवढें ऐकल्यावर महाराष्ट्रांतील पालक साहजिकच विचारील कीं, यांतलें आमच्या मुलांना काय लागू? मुंबईचा सूर्य कांहीं सौम्य नाहीं. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तो तेथें भर माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो. १९९२ मध्यें कॅनडांत सुरू झालेल्या आणि आतां जगभर वापरल्या जाणाऱ्या अतिनील निर्देशांकांत ११ च्या पुढें धोका परमावधीचा मानतात. उन्हाळ्यांतील निरभ्र दुपारीं मुंबईचा आंकडा त्याच्या पुढें जातो. तरी त्वचेचा कर्करोग येथें फार कमी आहे. याचें श्रेय मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याला. अमेरिकेंत १९७९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मापनांत, काळ्या त्वचेच्या वरच्या थरांतून ‘ब’ किरणांपैकीं सुमारें साडेसात टक्के आणि गोऱ्या त्वचेच्या थरांतून सुमारें चोवीस टक्के पार जात असल्याचें आढळलें. भारतीय त्वचा या दोहोंच्या मध्यें, तिच्या रंगाच्या मानानें कमीअधिक सुरक्षित आहे. ज्या सांवळ्या रंगाबद्दल कित्येक घरांत मुलामुलींना उगीच हिणविलें जातें, तो रंग म्हणजे निसर्गानें पांघरलेलें चिलखत आहे, हें त्या घरांनीं समजून घ्यावें. उन्हांत खेळून काळी होशील, असें सांगून मुलींना मैदानापासून दूर ठेवणें हें तर सर्वथा अनुचित होय.

परंतु चिलखतालाहि फटी असतात. त्वचेंत जन्मतःच रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींना हा रोग फार लवकर गांठतो. अशा मुलाला खेळूं द्यावें, पण अंगभर कपडे, टोपी आणि सावली यांच्या आधारानें. डोळ्यांना तर कोणत्याच वर्णाचें पुरतें संरक्षण नाहीं. अतिनील किरणांमुळें मोतीबिंदु होण्याचा संभव वाढतो आणि बुबुळावर चढणारा मांसल पडदाहि उन्हांत वावरणाऱ्यांनाच विशेष होतो. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काळ्यासांवळ्या लोकांना मेलॅनोमा होतो तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं. उन्हाशीं त्याचा संबंध नसतो आणि मलमानें तो टळतहि नाहीं. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ले याला फुटबॉलचें वेड होतें. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं असाच रोग १९७७ मध्यें सांपडला आणि १९८१ मध्यें, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, तो गेला. धांवपटूच्या किंवा फुटबॉल खेळणाऱ्याच्या नखाखालीं मार लागून रक्त साकळणें नेहमींचेंच आहे. तो डाग नखाबरोबर पुढें सरकत जातो. जो सरकत नाहीं, रुंदावतो, किंवा मार न लागतां उमटतो, तो डाग डॉक्टरांना दाखविलाच पाहिजे.

अंगावरील तिळांच्या बाबतींतहि कांहीं खुणा लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. तिळाचे दोन अर्ध सारखे नसणें, कडा वेड्यावांकड्या असणें, एकाच तिळांत अनेक रंग दिसणें, सहा मिलिमीटरहून मोठा आकार असणें, आणि मुख्य म्हणजे तीळ बदलत जाणें. यांपैकीं कांहीं आढळल्यास, किंवा एखादी लहानशी जखम आठवडे लोटूनहि भरत नसल्यास, त्वचारोगतज्ज्ञाची भेट लांबवूं नये. वेळेवर ओळखलेला त्वचेचा कर्करोग बहुधा लहानशा शस्त्रक्रियेनें बरा होतो. भारतांत रोगी थोडे असले तरी हा रोग आपल्याकडे होतच नाहीं, या समजुतीनें पुष्कळदां उशीर होतो, आणि मेलॅनोमाच्या बाबतींत उशीर हाच खरा शत्रु.

रक्षणाचे उपाय साधे आहेत. पहिला उपाय वेळेचा. कोणतेंहि यंत्र जवळ नसतां किरणांचा जोर ओळखण्याची एक युक्ति प्रत्येकाला साधते, ती म्हणजे स्वतःची सावली पाहणें. सावली स्वतःच्या उंचीपेक्षां लांब असेपर्यंत किरणांचा जोर मर्यादित असतो; ती आंखूड होऊं लागली कीं आसरा शोधावा. दिवसभरांतील अतिनील किरणांपैकीं सुमारें साठ टक्के सकाळीं दहा ते दुपारीं दोन या चार तासांत येतात. उगवत्या सूर्यासमोर सूर्यनमस्कार घालण्याची जुनी चाल या दृष्टीनेंहि सोयीची आहे. पावसाळ्यांत मात्र नुसत्या ढगांवर भरंवसा ठेवूं नये. मुंबईंत १९४८ पासून पावसाळ्यांत खेळली जाणारी कांगा लीग पाहणाऱ्यांना ठाऊक असतें कीं, दाट काळे ढग पांगून ऊन पडावयास वेळ लागत नाहीं. आणि जुलै-ऑगस्टचा सूर्य मे महिन्याइतकाच माथ्यावर असतो.

दुसरा उपाय वस्त्रांचा. घट्ट विणीचा लांब बाह्यांचा सदरा कोणत्याहि मलमापेक्षां भरंवशाचा, कारण तो धुपत नाहीं आणि विसरतहि नाहीं. पुढें झांपड असलेल्या नेहमींच्या टोपीनें कान आणि मान उघडीच राहतात. चोहोंकडून साडेसात सेंटिमीटरची कड असलेली टोपी उत्तम. तिसरा उपाय मलमाचा, आणि तो कपड्यांच्या जोडीचा, त्यांच्याऐवजीं नव्हे. मलमाच्या डबीवरील आंकडा हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लेप दिला तर खरा ठरतो. लोक बहुधा त्याच्या निम्म्यानेंहि लावीत नाहींत. एका हाताला चहाचा एक चमचा भरून, हें प्रौढाचें माप. मैदानांत उतरण्यापूर्वीं वीस मिनिटें तें लावावें आणि दर दोन तासांनीं, तसेंच अंग पुसल्यावर, पुन्हां लावावें. आंकडा ३० असलेलें मलम नीट लावल्यास ‘ब’ किरणांपैकीं सुमारें ९७ टक्के अडवितें. ५० आंकड्याचें सुमारें ९८ टक्के. म्हणजे महाग आंकड्यापेक्षां पुरेसा लेप मोलाचा. खोबरेल तेलानें असें रक्षण होत नाहीं. डोळ्यांसाठीं अतिनील किरण अडविणारा चष्मा घ्यावा. कांच नुसती काळी असून भागत नाहीं.

या सर्वांचा अर्थ मुलांनीं ऊन टाळून घरांत बसावें असा खचित नाहीं. सूर्यप्रकाशानें त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें, हाडें बळकट होतात. आणि मैदानी खेळानें शरीर-मनाला जें मिळतें त्याला तोड नाहीं. सांवळ्या त्वचेच्या मुलाच्या बाबतींत तर दररोज चोपडलेल्या मलमापेक्षां टोपी आणि वेळ यांचीच मातबरी अधिक. जीं मराठी कुटुंबें सिडनी-मेलबर्नकडे जाऊन राहिलीं आहेत, त्यांनीं मात्र तेथील शाळेचा टोपीचा नियम मुलांना आवर्जून पाळावयास लावावा.

उन्हाळ्याच्या सुट्टींत गांवोगांवच्या मैदानांवर क्रिकेटचे व अन्य खेळांचे वर्ग भरतात. ते सकाळीं लवकर सुरू करून दहाच्या आंत संपविणें आणि मग सायंकाळीं सावल्या लांबल्यावर पुन्हां भरविणें, एवढें शिक्षकांच्या हातीं आहे. राखीव खेळाडूंना बसावयास एक मांडव घालणें, आणि जो मुलगा टोपीशिवाय येईल त्याला ती आणावयास परत पाठविणें, यालाहि फारसा खर्च नाहीं. उन्हाचा चटका मुलाला आपोआप शहाणा करतो. या किरणांच्या बाबतींत तो शहाणपणा वडील मंडळींनींच आधीं शिकवावयास हवा, कारण किरणांनीं शिकविला तर तो चाळीस-पन्नास वर्षें उशिरा येतो.